अंगठीतले आकडे आणि पहाटेचे चार

पत्र : मी 34 वर्षांची आहे. नाशिकच्या एका खाजगी रुग्णालयात आयसीयूत स्टाफ नर्स आहे. महिन्याला आठ-दहा नाइट असतात, कधी दोनच, कधी सलग पाच. दिवाळीत नवऱ्यानं अंगाचं तापमान मोजणारी स्मार्ट अंगठी दिली. मॉर्निंगच्या आठवड्यात सगळं ठीक दिसतं. नाइट लागल्या की ॲप म्हणतं, तापमान नेहमीपेक्षा 0.4 अंशानं जास्त, शरीराचं घड्याळ विस्कटलंय, आराम करा. घाबरून थर्मामीटर लावला तर 97.4. मग मला ताप आहे की नाही? मैत्रीण म्हणते, या आलेखावरून आपलं घड्याळ कळतं, त्याप्रमाणे झोपत जा. सासूबाई म्हणतात, काढून ठेव ती, उगाच डोक्याला ताप. परवा नाइट करून येताना द्वारका सर्कलला गाडी थांबली होती, तेवढ्यात माझा डोळा लागला. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा जाग आली. घरी कोणाला सांगितलं नाही. नाइट सोडता येणार नाहीत, मुलगी सहा वर्षांची आहे. या अंगठीचा मला खरंच काही उपयोग आहे का? — एक सिस्टर, नाशिक

सिस्टर, अंगठीचं नंतर बोलू. आधी स्कूटर.

द्वारका सर्कलची गोष्ट तुम्ही घरी सांगितली नाहीत. ती आजच सांगा, निदान नवऱ्याला. गाडी थांबलेली असताना डोळा लागला, तसा तो चालत्या गाडीवरही लागू शकतो. तिथं हॉर्न देऊन जागं करायला कोणी नसतं. यापुढे सलग नाइट असतील तेव्हा सकाळी स्कूटर चालवू नका. रिक्षा करा, किंवा नवऱ्याला घ्यायला बोलवा. यातलं काहीच जमलं नाही तर निघण्याआधी ड्युटी रूममध्ये वीस मिनिटं आडव्या व्हा आणि पूर्ण जाग आल्यावरच निघा. चहा पिऊन निघणं पुरेसं नाही. असं का, ते पुढे येईल, कारण तुमच्या अंगठीच्या प्रश्नाचं उत्तरही तिथंच आहे.

आता ताप. 97.4 म्हणजे ताप नाही, आणि अंगठीही खोटं बोलत नाही. दोघी वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. थर्मामीटर सांगतो आतली ऊब किती आहे. अंगठी सांगते की ती ऊब बोटावाटे बाहेर किती पडते आहे. आणि झोपेच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या उलट चालतात.

हे तुम्हाला आई म्हणून ठाऊक आहे. मुलगी तान्ही असताना मांडीवर घेऊन थोपटत होतात तेव्हा तिचे तळहात, तळपाय गरम व्हायला लागले की कळायचं, आता झोपणार. घरातल्या मोठ्या बायका हे न शिकवता ओळखतात. झोपेची वेळ जवळ आली की मेंदू हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल करतो. गरम रक्त हातापायांत येतं, तिथून उष्णता बाहेर जाते आणि आतलं तापमान उतरायला लागतं. उतरलं की झोप लागते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथं कुर्ट क्रॉयखी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये हे मोजून दाखवलं. धडाच्या तुलनेत हातपाय जितके उबदार, तितकी झोप लवकर. म्हणून तुमच्या अंगठीचा आलेख झोपेत वर चढतो, आणि त्याच वेळी आतला आलेख खाली जात असतो. ज्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं, ते बोटाचा चढ पाहून घाबरतात. तुमचं तेच झालं.

आतलं तापमान दिवसभरात साधारण एका अंश सेल्सिअसच्या आसपास वरखाली होतं, म्हणजे आपल्या घरातल्या फॅरनहाइटमध्ये पावणेदोन अंशांच्या जवळपास. ते सर्वांत जास्त असतं संध्याकाळी, आणि सर्वांत कमी पहाटे, नेहमीच्या जागं होण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास. जर्मनीतल्या लायप्झिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून 1868 मध्ये ग्रंथ लिहिला. 37 अंश सेल्सिअस हा आकडा त्यांच्यामुळे जगभर रूढ झाला. निरोगी माणसाचंही तापमान सकाळ-संध्याकाळ बदलतं, हेही त्यांनी तिथंच लिहून ठेवलं होतं. लोकांनी आकडा उचलला, आणि ही दुसरी गोष्ट मागे राहिली. याची मला अजून हळहळ वाटते.

मी बरीच वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना एक प्रात्यक्षिक द्यायचे. चोवीस तास, दर दोन तासांनी स्वतःचं तोंडातलं तापमान घ्या. पाऱ्याचे थर्मामीटर होते तेव्हा. एक मुलगी सकाळी वही घेऊन आली. पहाटे चारच्या रकान्यात 96.6 लिहून खोडलेलं, खाली पुन्हा 96.6. म्हणाली, मॅडम, मला वाटलं पारा नीट झटकला नाही, म्हणून परत घेतलं. अंगावर शाल घेऊन बसले होते, तरी हुडहुडी भरली होती. त्याच दिवशी संध्याकाळी सहाला तिचं तापमान 98.4 आलं. मुलगी ठणठणीत होती. सिस्टर, एप्रिलच्या उकाड्यातही पहाटे चारला नाइट स्टाफ स्वेटर शोधतो, हे तुम्ही रोज पाहता. एसीचा त्यात भाग असेल, पण एसी रात्री दहालाही तेवढाच असतो. चारला थंडी वाजते कारण तेव्हा तुमचं शरीर तळाला आलेलं असतं. नजर, हात, डोकं, सगळं तेव्हा मंदावतं. औषधाचं डोस-गणित त्या वेळी दोनदा तपासावंसं वाटतं, तेही याचमुळे.

हा उतार-चढाव चालवणारं घड्याळ मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये असतं. सुमारे वीस हजार पेशींचा छोटासा पुंजका. मोकळं सोडलं तर त्याचा दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा असतो. हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटानं 1999 मध्ये काढलेली सरासरी 24 तास 11 मिनिटं. रोज सकाळचा उजेड ते जाग्यावर आणतो. मोठा दिवस आवडणाऱ्या या घड्याळाला मागे ढकलणं, म्हणजे उशिरा झोपून उशिरा उठणं, बहुतेकांना जमतं. पुढे ओढणं जड जातं. आणि ढकललं तरी ते दिवसाला सुमारे एक तासच सरकतं.

आता तुमच्या पाच नाइट डोळ्यांसमोर आणा. एरवी तापमानाचा तळ पहाटे चारला. पहिल्या रात्री तो चारलाच असणार. मग आयसीयूच्या दिव्यांखाली जागून तो हळूहळू मागे सरकू लागतो, पाच, सहा, सात. म्हणजे चौथ्या-पाचव्या रात्रीनंतर तो कधी येतो? तुम्ही हँडओव्हर देऊन स्कूटरला किल्ली लावता तेव्हा. पहिल्या नाइटनंतर ताजंतवानं वाटणारी सिस्टर पाचव्या नाइटनंतर चौकात पेंगते ती यामुळे, आणि त्यात चार दिवसांची अपुरी झोपही मिसळलेली असते. सगळ्यांचं असंच सरकत नाही, काहींचं जागचं हलतच नाही. अमेरिकेतले झोपेचे संशोधक नॅथॅनियल क्लाइटमन यांनी 1938 मध्ये आपला विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन याला घेऊन केंटकीच्या मॅमथ केव्ह या गुहेत 32 दिवस मुक्काम केला, 28 तासांचा दिवस पाळून. रोज तापमान मोजत होते. तरुण रिचर्डसनचं तापमान आठवड्याभरात 28 तासांच्या चालीवर आलं. 43 वर्षांच्या क्लाइटमन यांचं शेवटपर्यंत चोवीस तासांचीच चाल धरून राहिलं. एकच गुहा, एकच वेळापत्रक. तेव्हा सोबतची सिस्टर नाइट सहज काढते आणि मला जमत नाही, म्हणून स्वतःला कमी लेखू नका.

मैत्रिणीचं म्हणणं अर्धं खरं आहे. तापमानावरून घड्याळ कळतं, संशोधकही दशकानुदशकं तेच वापरत आले. स्पेनमधल्या मुर्सिया विद्यापीठात मनगटावर बटणाएवढा सेन्सर बांधून त्वचेच्या तापमानाची लय 2008 मध्ये नीट मांडली गेली. झोपेआधी संध्याकाळी मनगट गार पडतं, मग झोप जवळ आली की भराभर गरम होतं. पण शुद्ध लय बघायची तर प्रयोगशाळेत माणसाला चोवीस तासांहून अधिक काळ मंद उजेडात, टेकून, जागं ठेवतात आणि तासातासाला सारखाच थोडा खाऊ देतात. कारण चालणं, जेवण, पांघरूण, पंखा, अंघोळ, सगळं त्या आलेखावर आपापले डाग पाडतं. तुमच्या बोटावर तर दिवसाला पन्नासदा सॅनिटायझर पडतो. तो उडताना बोट गार करतो.

आणि एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. आयसीयूत अंगठी घालू नका. घड्याळही नको. हात धुताना अंगठीखाली जंतू राहतात, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. हे यंत्रही अंगठीच आहे. म्हणजे ज्या बारा तासांत तुमचं शरीर खरं काय करतंय ते बघायचं, त्या वेळी अंगठी लॉकरमध्ये असणार. तिच्याकडे उरते फक्त तुमची झोप. बाजारातली बरीच साधनं तशीही झोपेतलंच तापमान धरतात. ॲपलच्या घड्याळात 2022 पासून मनगटाचं तापमान मिळतं, तेही रात्रीच्या झोपेतलं, आणि तुमच्याच आधीच्या रात्रींशी तुलना करून. थर्मामीटरसारखा सरळ आकडा म्हणून ते वाचायचं नसतं.

या तुलनेतच तुमच्या 0.4 चं उत्तर दडलेलं असावं. अंगठीनं तुमचं 'नेहमीचं' ठरवलं ते मुख्यतः रात्रीच्या झोपेवरून. नाइटनंतर तुम्ही झोपता सकाळी दहा ते दुपारी तीन. खिडकीला ऊन, खोली तापलेली, आणि दुपारी आतलं तापमान चढत असतं. ही झोप रात्रीच्या झोपेशी ताडून बघितली तर फरक दिसणारच. दुसरं कारण पाळीचं. बीज सुटल्यानंतर पाळी येईपर्यंतचे बारा-चौदा दिवस शरीराचं तापमान एका अंश सेल्सिअसच्या तीन-चार दशांशांनी चढलेलं राहतं. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये पाळीच्या तारखा लिहून आलेखाशेजारी ठेवा, म्हणजे कोणता चढ नाइटचा आणि कोणता महिन्याचा ते वेगळं दिसेल. शंका आलीच तर तोंडात थर्मामीटर. तो 100.4 च्या वर गेला तर ताप. मग अंगठी काय म्हणते हा प्रश्नच नाही.

मग उपयोग काय? आहे, पण अंगठी एकटीनं तो होणार नाही. रुग्णांचे टीपीआर चार्ट, म्हणजे तापमान, नाडी, श्वास यांच्या नोंदी, तुम्ही वर्षानुवर्षं भरत आलात. आता पंधरा दिवस स्वतःचा भरा. जाग्या असाल तेव्हा दर दोन तासांनी तोंडातलं तापमान, एकाच डिजिटल थर्मामीटरनं, जिभेखाली एकाच बाजूला, आणि चहापाण्यानंतर निदान अर्धा तास थांबून. शेजारी एका शब्दात लिहा : पेंग, थंडी, बरं, तरतरीत. नाइटलाही, मॉर्निंगलाही, सुटीलाही. कामामुळे आणि खाण्यामुळे तुमचा तळ प्रयोगशाळेइतका खोल दिसणार नाही, पण वेळ दिसेल. आणि आपल्याला वेळच हवी आहे. 97.1 की 97.3 याला महत्त्व नाही. तो सगळ्यात खालचा आकडा पहाटे चारला आला की सातला, एवढं बघा. अंगठीच्या आलेखातही तेच. उंची सोडून द्या, चढ किती वाजता सुरू झाला ते टिपा. सुटीच्या दिवसांत तो चढ रात्री साडेदहाला सुरू होत असेल आणि पाच नाइटनंतरच्या सुटीला मध्यरात्र उलटून जात असेल, तर घड्याळ किती सरकलं हे तुमच्या हातात आलं.

ते कळल्यावर उजेड वापरता येतो. तळाच्या आधी मिळालेला भरपूर उजेड घड्याळ मागे ढकलतो, तळानंतर मिळालेला पुढे ओढतो. दोनच नाइट असतील तर घड्याळाला हातच लावू नका. जाण्याआधी दुपारी दीड-दोन तास झोपा, रात्र काढा, परत आल्यावर थोडं झोपून रात्री वेळेवर आडव्या व्हा. सलग चार-पाच असतील तर मात्र घड्याळ थोडं मागे नेणं फायद्याचं. शिकागोच्या संशोधक चार्मेन ईस्टमन यांनी नाइटवाल्यांसाठी मधला मार्ग सुचवला आहे, तळ सकाळी दहाच्या सुमारास आणायचा, म्हणजे तो तुमच्या दिवसाच्या झोपेत पडतो. त्यासाठी रात्रीच्या पहिल्या भागात नर्सिंग स्टेशनवर लख्ख उजेडात बसा, पहाटेनंतर उजेड कमी ठेवा, घरी येताना गॉगल लावा. पण गॉगल रिक्षात बसूनच. पेंगलेल्या माणसानं गॉगल लावून गाडी चालवायची नाही. घरी आल्यावर लगेच झोपा. खोली अशी अंधारी करा की हात दिसू नये. जुनी जाड चादर पडद्यावर टाचली तरी चालते.

या पद्धतीत सुटीच्या दिवशीही पहाटे तीनला झोपून दुपारी उठायचं असतं. सहा वर्षांच्या मुलीच्या घरात ते होणार नाही, मला माहीत आहे, आणि मी तसं करा म्हणणारही नाही. जितकं जमेल तितकं. पण तळ घरी यायच्या वेळेपलीकडे सरकला तरच तो सगळ्यात वाईट क्षण टळतो, तोवर सकाळी स्कूटर नकोच.

घरी आल्यावर मुलीला जवळ घेण्याआधी तुम्ही अंघोळ करतच असाल. ती कोमट पाण्यानंच करा. हातापायांची त्वचा उबदार होते, बाहेर आल्यावर उष्णता भराभर निघून जाते. टेक्सास विद्यापीठातल्या 2019 च्या एका आढाव्यात झोपेच्या तासदोन तास आधी 40 ते 42.5 अंश सेल्सिअसच्या पाण्यानं अंघोळ केल्यानं झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते असं दिसलं. तुम्हाला तास थांबता येणार नाही, चालेल. नाशिकच्या थंडीत पायमोजे घालून झोपा. आणि त्या वेळी अंगठीनं आलेखात उंच शेंडा काढला तर तो अंघोळीचा समजा.

रोस्टरबद्दलही बोला. इन्चार्ज सिस्टरना सांगा, मॉर्निंगनंतर इव्हिनिंग, मग नाइट, या क्रमानं लावा. उलट क्रम शरीराला जड जातो, कारण घड्याळाला पुढे ओढावं लागतं. नाइटवरून थेट मॉर्निंगला तर मुळीच नको. नुसतं 'त्रास होतो' म्हणण्यापेक्षा पंधरा दिवसांचा चार्ट टेबलावर ठेवा. नर्सिंगमध्ये चार्टला मान आहे. आणि वॉर्डातल्या दोघी-तिघींनी मिळून भरला तर बोलणं नाकारणं सोपं जाणार नाही.

सुटीच्या काळातही झोप लागत नसेल, तीन महिने असं चाललं असेल, पाळी चुकत असेल किंवा बसल्या जागी डोळे मिटत असतील, तर चार्ट घेऊन डॉक्टरांकडे जा.

सासूबाईंचं म्हणणं मला पटतं, एवढ्यापुरतं, की ॲपच्या सूचना बंद करा. सकाळी सकाळी 'विस्कटलंय' वाचून कोणाला चांगली झोप लागेल? आलेख आठवड्यातून एकदा, रविवारी, चहा पिताना बघा. आणि त्यांची मदत मागा. तुम्ही दहा ते तीन झोपता तेव्हा दाराची कडी कोण काढणार, मिक्सर कधी लावायचा, मुलीला स्कूल व्हॅनमधून कोण उतरवून घेणार, हे त्यांच्याशी बसून ठरवा. तुमच्या झोपेची राखण त्यांच्याइतकी चांगली दुसरं कोणी करणार नाही.

पुढची नाइट लागेल तेव्हा थर्मामीटर खिशात ठेवा. पहाटे चारला स्वेटर घालावासा वाटला की आधी तो जिभेखाली धरा, आकडा आणि वेळ लिहून घ्या. पंधरा दिवसांचा चार्ट मला पाठवा. मी तो रकान्यारकान्यानं वाचेन.